नर्सिंग कॉलेज काढण्याआधी वॉर्डातले रुग्ण मोजा

प्रश्न विचारणारे गृहस्थ मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षणसंस्था चालवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये सिस्टर कमी आहेत, खासगी दवाखान्यांना जाहिरात देऊनही सिस्टर मिळत नाहीत, आणि बारावी सायन्स झालेल्या मुली घरी बसून आहेत. मग ६० जागांचं बी.एस्सी. नर्सिंग कॉलेज काढलं तर तिन्ही प्रश्न एकदम सुटणार नाहीत का? आणि सरकारनंही राज्यभर हेच का करू नये?

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका करून सरकारी रुग्णालयात लागले. तेरा वर्षं वॉर्डात काढली, मग पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी ट्यूटर झाले आणि प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. सगळी मिळून ३४ वर्षं. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच जरा सविस्तर आणि स्पष्ट लिहिते.

तुमचे तिन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. सिव्हिलमध्ये सिस्टर कमी आहेत त्या मुली शिकत नाहीत म्हणून नव्हे. तिथे अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची जाहिरात निघाली की अर्जांचा ढीग पडतो. कमतरता आहे ती मंजूर पदांची, आणि मंजूर झालेली पदं वेळेवर भरण्याची. खासगीत सिस्टर मिळत नाहीत त्याचं कारण पगार आणि वागणूक. तिसरा प्रश्न, मुलींच्या शिक्षणाचा, तेवढा कॉलेज सोडवू शकतं. तोही कॉलेज चांगलं असेल तर.

आधी सिव्हिलचा हिशेब मांडते, कारण तो कागदावर मांडलेला फार कमी लोकांनी पाहिलेला असतो. वॉर्डात एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर उभी ठेवायची, तर दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. एक सिस्टर वर्षात किती पाळ्या करते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या काढा, अर्जित आणि किरकोळ रजा काढा, सणांच्या सुट्ट्या काढा. जेमतेम २५० उरतात. म्हणजे एका जागेसाठी चार माणसंही पुरत नाहीत, साडेचारच्या जवळ लागतात. पुन्हा ही नोकरी बहुतांश बायकांची, त्यात बाळंतपणाची रजा आलीच. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आयसीयूत एकास एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव. लोकांना हे ३० टक्के चैनीचे वाटतात. वर मांडलेला हिशेब एकदा स्वतः करून पाहिला की तसं वाटत नाही.

मी स्वतः मेडिसिन वॉर्डात एका रात्री ४२ रुग्णांना एकटी होते. दोन सलाईनं संपत आलेली, एकाला ऑक्सिजन, एका म्हाताऱ्या बाबांना चादर बदलून हवी, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई न बोलता फक्त माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे मी पहाटे चारला पोचले. तोवर तिचा ताप १०४ झाला होता. ती बरी होऊन घरी गेली, पण मला ती रात्र विसरता आलेली नाही. त्या वॉर्डाला आणखी शंभर पदवीधर मुली राज्यात कुठेतरी तयार होऊन काही उपयोग नव्हता. त्याच रात्री, त्याच वॉर्डात, आणखी दोन पदं हवी होती. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला, तोही याच दुखण्यावर होता. पदं भरायची तर खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी का, कायम का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. रुग्णांचे हाल झाले म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली मुलगी वॉर्ड शिकेपर्यंत जायची वेळ येते, हे वॉर्डात राहिलेल्या कुणालाही विचारा.

आता खासगीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. तिच्या शिफारशी स्पष्ट होत्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटा असतील तर त्याहून १० टक्के कमी चालेल, ५० ते १०० खाटांना २५ टक्के कमी चालेल, आणि अगदी छोट्या दवाखान्यातही २०,००० रुपयांच्या खाली नको. आपल्या राज्यात सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते. माझ्या विद्यार्थिनी तालुक्याच्या दवाखान्यांतून जे पहिले पगार सांगत आल्या आहेत, ते या वीस हजारांच्याही बरेच खाली आहेत. त्यात राहायची सोय नाही, रात्रपाळीहून परत जायला वाहन नाही, आणि काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवलेली. मुलगी तिथे टिकत नाही ती आळशी म्हणून नव्हे. ज्यांना सिस्टर मिळत नाहीत त्या डॉक्टरांना तुम्ही ओळखत असाल. त्यांच्याशी आधी याबद्दल बोला.

एवढं झाल्यावर तुमच्या कॉलेजकडे येते. माझा सगळा जीव इथेच आहे.

नर्सिंग वॉर्डात शिकावं लागतं. वर्गात ते कळतं, हातात येत नाही. म्हणून कॉलेज किती मोठं असावं हे इमारत ठरवत नाही, शेजारच्या रुग्णालयात भरती असलेले रुग्ण ठरवतात. निकष असा की प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण हवेत. तुमच्या ६० जागा म्हणजे चार वर्षांत २४० मुली. त्यातली एक तृतीयांश एका वेळी वॉर्डात आहेत असं धरलं तरी ८० मुली, म्हणजे २४० रुग्ण. तुमचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असलं आणि त्यातल्या ७५ खाटा भरलेल्या असल्या, तर एका वेळी २५ मुली नीट शिकू शकतात. बाकीच्यांना सिव्हिलला पाठवू, असं सगळेच म्हणतात. अडचण हीच आहे की सगळेच म्हणतात. एका जिल्हा रुग्णालयाशी चार-पाच संस्थांनी करार केलेले मी पाहिले आहेत. सकाळच्या राउंडला एका खाटेभोवती तीन वेगवेगळ्या गणवेशांतल्या मुली उभ्या असतात, आणि रुग्ण बिचारा प्रत्येकीला नाडी देत असतो.

याचा परिणाम काय होतो ते एका प्रसंगावरून सांगते. मी एका ठिकाणी परीक्षक म्हणून गेले होते. प्रसूतिशास्त्राच्या केसबुका तपासत होते. दोन मुलींच्या वह्यांत एकाच बाईची नोंद, तेच रक्तदाबाचे आकडे, बाळाचं तेच वजन, आणि चूकसुद्धा तीच. मी रागावले नाही. त्यातल्या एकीला प्रसूतिपूर्व वॉर्डात घेऊन गेले आणि म्हटलं, या ताईंच्या पोटावर हात ठेवून गर्भाशयाची उंची सांग. तिचा हात पोटावर जाईना. वर नुसता तरंगत राहिला. तिसऱ्या वर्षाची मुलगी, थिअरीत पहिल्या वर्गात आलेली. नंतर जिन्यात रडत म्हणाली, ‘मॅडम, आम्हाला कधी हात लावूच दिला नाही, नुसतं बघायला मिळायचं.’ तिच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकून फी भरली होती. त्या मुलीचा काय दोष होता?

म्हणून माझा पहिला सल्ला: ६० नको. सुरुवात कमी जागांनी करा. कदाचित बी.एस्सी.ही नको. तुमच्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जास्त असतील आणि मोठं रुग्णालय दूर असेल, तर दोन वर्षांचा एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम गावाच्या जास्त कामाचा आहे. तो फक्त मुलींसाठी असतो. जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही येतात आणि त्यांना जरूर घ्या, पुरुषांच्या वॉर्डात चांगला ब्रदर मिळणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. उलट तुमच्या शहरात नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं असेल, तर गणित पूर्ण बदलतं. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नर्सिंग कॉलेजं जाहीर केली ती २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच. त्यामागचा विचार मला पटतो, कारण तिथे रुग्ण आधीच आहेत. अशा ठिकाणी तुम्ही वेगळं कॉलेज काढण्यापेक्षा मुलींचं वसतिगृह काढा. उपकार होतील.

वसतिगृहाचं मी सहज म्हटलेलं नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं आणि ससूनमध्ये नर्सिंग शिकायला बायका पाठवल्या, त्यात विधवा बऱ्याच होत्या. घरचे लोक ‘परक्यांची अंगं पुसायला’ मुलगी पाठवायला तयार नव्हते. त्या काळी या मुलींना सुरक्षित राहण्याची जागा आणि पाठीशी कुणीतरी मोठं माणूस असणं हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं होतं. आजही लांबच्या तांड्यावरून, वाडीवरून येणारी मुलगी पहिल्या सहा महिन्यांत कॉलेज सोडते ती अभ्यास झेपत नाही म्हणून क्वचितच. खोली नाही, रात्रीच्या ड्युटीहून यायला सोबत नाही, घरी लग्नाची घाई, अशी कारणं असतात.

दुसरं कारण भाषा. बहुतेक मुली मराठी माध्यमातून येतात आणि पहिल्याच महिन्यात शरीररचनेचं जाड इंग्रजी पुस्तक समोर येतं. मी शिकवताना आधी मराठीत समजावून सांगायची, स्वतःच्या मनगटावर, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून, आणि मग इंग्रजी शब्द द्यायची. काही सहकाऱ्यांना ते कमीपणाचं वाटे. पण रुग्ण काही पुस्तकातला शब्द बोलत नाही. तो म्हणतो ‘छातीत भरून आलंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘पायातलं बळ गेलं’. जी मुलगी हे ऐकून लगेच नाडी आणि रक्तदाब बघते, ती खरी शिकलेली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, खानदेशात अहिराणी बोलणारी मुलगी नर्स झाली तर तिच्याजवळ जे आहे ते कुठलाही कोर्स देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितलं आहे की ग्रामीण भागात माणसं टिकवायची तर ग्रामीण भागातलीच मुलं शिकायला घ्या. तुमच्याकडे ही संधी आहे. प्रवेशाची चौकट सरकारची असते, पण प्रवेशपरीक्षेची तयारी तुमच्याच तालुक्यातल्या मुलींकडून अकरावीपासून फुकट करून घ्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

शिक्षकांबद्दल लिहिलं नाही तर उत्तर अपुरं राहील. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हा निकष. २४० मुलींना २४ शिक्षक. एवढे एम.एस्सी. आणि अनुभवी बी.एस्सी. शिक्षक तालुक्याच्या गावी आणायचे कुठून? उत्तम मुलगी एम.एस्सी. करते आणि सरकारी अधिपरिचारिकेची जाहिरात निघाली की शिकवणं सोडून तिकडे जाते, कारण खासगी कॉलेजात तिला त्याच्या निम्माही पगार मिळत नाही. मग काही ठिकाणी तपासणीच्या दिवशीच शिक्षक दिसतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचा अजून त्रास होतो. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला, तो १९४७ च्या परिषद कायद्याच्या जागी, आणि त्यात राज्य पातळीवरचे आयोगही आहेत. माझी त्या आयोगाकडून एकच मोठी अपेक्षा आहे: तपासणी न सांगता व्हावी, आणि ती ऑफिसात नव्हे, वॉर्डात व्हावी.

शिक्षक कमी असताना काय करता येतं हे मात्र अनुभवानं सांगू शकते. वर्ग आणि वॉर्ड यांच्यामधली भिंत पाडता येते. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून पदवीचं नर्सिंग शिकवतात आणि तिथे शिकवणारी व्यक्ती रुग्णसेवेचीही जबाबदारी घेते. आपल्याकडे ट्यूटर वेगळी, इनचार्ज सिस्टर वेगळी, आणि मुली दोघींच्या मध्ये. आमच्या शाळेत आम्ही छोटी सुरुवात केली. प्रत्येक वॉर्डात एक जुनी, हात चांगला असलेली सिस्टर निवडली. तिच्याबरोबर दोन मुली, सलग दोन आठवडे, तिच्याच पाळीत. मेट्रन मॅडमनी तिचे रुग्ण थोडे कमी केले आणि ड्युटी लिस्टमध्ये तिच्या नावापुढे मुलींची नावं लिहिली. एवढंच. पण मुली ओव्हर द्यायला, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवायला शिकल्या. डॉक्टरांना फोन कसा करायचा हे शिकल्या: मी कोण, कोणता रुग्ण, सकाळपासून काय बदललं, आता मोजल्यावर किती आलं, मला तुमच्याकडून काय हवंय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या सिस्टरांनाही आपण कुणीतरी आहोत असं वाटू लागलं. वीस वर्षं इंजेक्शनं दिलेल्या एका बाईंना मी पहिल्यांदा पुस्तक मागताना पाहिलं. हे नेहमी जमलं असं मात्र नाही. डेंग्यूच्या साथीत वॉर्ड भरले की आधी हेच बंद पडायचं, कारण मुलींना ‘हात’ म्हणून वापरलं जायचं. म्हणजे फिरून पुन्हा पदांच्याच प्रश्नाशी येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नोकरीचं पहिलं वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. माझी एक विद्यार्थिनी, शांत, नीटनेटकी, पास होऊन एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागली. चौथ्या रात्री तिला एकटीला ठेवलं. पहाटे एका रुग्णाला दम लागला, डॉक्टरांचा फोन लागेना, आणि नातेवाईक तिच्या अंगावर धावून गेले. रुग्ण वाचला. तिने मात्र त्या दिवसानंतर गणवेश घातला नाही. चार वर्षांचं शिक्षण, आईबापांचे पैसे, आमची मेहनत, सगळं एका रात्रीत गेलं. म्हणून कॉलेजनं मुलींची नोकरी लागली की हात झटकू नयेत. ज्या दवाखान्यांत मुली पाठवाल त्यांच्याकडून लिहून घ्या की पहिले तीन महिने तिला एकटीला रात्रपाळी देणार नाही. वर्षभर महिन्यातून एकदा मुलींना परत बोलवा, चहा द्या, आणि काय काय घडलं ते बोलू द्या. नोंदणी टिकवायला परिषदेच्या पद्धतीत ५ वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण लागतंच. त्यातले काही तास, योग्य मान्यता घेऊन, तुम्हीच देऊ शकता.

‘शिकवून तयार केल्या की त्या जर्मनीला जातील,’ अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे कामाचं सगळं नीट बोलता-समजता येईल इतकं जर्मन शिकावं लागतं, तेव्हा उठून कुणीही जाईल असं नाही. ज्या मुली जातील त्यांना आनंदानं जाऊ द्या. घरात पहिल्यांदा परदेशात जाणारी व्यक्ती मुलगी आहे, आणि ती स्वतःच्या कमाईवर भावंडांना शिकवते आहे, हे मी चार-पाच घरांत पाहिलं. इथे टिकायला हव्या असतील तर इथलं काम टिकण्यासारखं करा. बंधपत्रानं माणूस बांधला जातो, मन लावून काम करत नाही.

तेव्हा अर्ज भरण्याआधी माझी एक विनंती आहे. सिव्हिलच्या अधिसेविकांची, म्हणजे मेट्रन मॅडमची परवानगी घ्या आणि वेगवेगळ्या तीन दिवशी वॉर्डात जा: एकदा सकाळी दहाला, एकदा संध्याकाळी सहाला, एकदा रात्री दोनला. मेडिसिन, मुलांचा वॉर्ड आणि प्रसूती कक्ष, तिन्ही ठिकाणी चार गोष्टी वहीत लिहा. भरती रुग्ण किती, ड्युटीवर सिस्टर किती, इतर कॉलेजांच्या विद्यार्थिनी किती, आणि त्यांच्यासोबत त्यांची शिक्षिका उभी आहे का. रुग्णांच्या संख्येला ३ नं भागा आणि त्यातून आधीच शिकत असलेल्या मुली वजा करा. जो आकडा उरेल तो मला कळवा. तेवढ्या मुलींचं कॉलेज कसं उभं करायचं, शिक्षक कुठून मिळवायचे, वॉर्डातल्या सिस्टरांना कसं सोबत घ्यायचं, याला मी माझा वेळ देईन. आकडा शून्य आला तरी कळवा. मग आपण वसतिगृहाचा नकाशा काढू.